गुरुवारची सुट्टी आणि रांगेचं गणित

महाराष्ट्राला गर्दीचे अंदाज नवे नाहीत. चिंचवडच्या मोरया गोसावी समाधी मंदिराबाहेरचा हार-दुर्व्यांचा विक्रेता संकष्टीला किती माल भरायचा, आणि तीच संकष्टी मंगळवारी आली, म्हणजे अंगारकी असली, तर किती भरायचा, हे पंचांग पाहून ठरवतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान होतं, पुढे पालखी आकुर्डीला मुक्कामी येते, आणि त्या दिवशी निगडीकडून पुण्याकडे गाडी काढायची नाही हे शहरात राहणाऱ्याला वाहतूक पोलिसांचं पत्रक निघण्याआधीच ठाऊक असतं. कार्तिक वद्यात आळंदीच्या रस्त्याचंही तेच. गर्दी आभाळातून पडत नाही. तिथी-वार, शाळांच्या सुट्ट्या, कारखान्यांच्या सुट्ट्या, पाऊस आणि रस्ता यांनी ती घडते, म्हणूनच तिचा अंदाज बांधता येतो. फरक आहे तो हेतूचा. यात्रेला माणूस गर्दीत मिसळायलाच जातो. करमणूक उद्यानात मात्र पैसे मोजून रांगेत उभं राहायला कुणी जात नाही. त्यामुळे यात्रेचं कॅलेंडर आपण ‘कधी जायचं’ हे ठरवायला वाचतो, तर उद्यानाचं कॅलेंडर मुख्यतः ‘कधी जायचं नाही’ हे ठरवायला वाचावं. हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे, आणि गर्दीच्या अंदाजांबद्दलचे बहुतेक गैरसमज तो न ओळखल्यामुळे होतात.

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातल्या कुटुंबापुढे हा प्रश्न बहुधा इमॅजिकाच्या निमित्ताने येतो. निगडीचं अप्पू घर एका संध्याकाळपुरतं असतं. दिवसभराची मोठी सहल म्हटली की खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकाचं नाव निघतं. मनमोहन शेट्टी यांच्या ॲडलॅब्सने खालापूर तालुक्यात उभारलेलं हे उद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं, पाठोपाठ शेजारी वॉटर पार्क आणि स्नो पार्क आले, आणि २०२२ मध्ये त्याची सूत्रं संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. निगडीहून घाट उतरून तिथे पोचायला साठ-सत्तर किलोमीटर अंतर. तिथलं तिकीट प्रवेशाला एकदाच काढायचं असतं, मग आत प्रत्येक राइडला वेगळे पैसे नाहीत. म्हणजे खऱ्या हिशेबात एका राइडची किंमत तिकिटाच्या दराला दिवसभरात झालेल्या राइडच्या संख्येने भागून निघते. दहा राइड झाल्या तर एक किंमत, चार झाल्या तर तिच्या अडीचपट. दोन मोठी माणसं, दोन मुलं, टोल, गाडीचं इंधन आणि आतलं जेवण एवढा खर्च करणाऱ्या कुटुंबाला रांग हा नुसता कंटाळा वाटून चालत नाही. ती थेट खिशाला लागणारी गोष्ट आहे.

गर्दीचे अंदाज बांधण्याचा धंदा अमेरिकेत डिस्नेच्या उद्यानांभोवती वाढला. तिथली ‘टूरिंग प्लॅन्स’ ही सेवा प्रत्येक तारखेला १ ते १० असा गर्दीचा आकडा देते. त्या आकड्यामागची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: तो आकडा माणसांचा नसतो, प्रतीक्षेचा असतो. उद्यानं रोज किती लोक आत आले हे जाहीर करत नाहीत, त्यामुळे अंदाज करणारे राइडबाहेर लावलेल्या प्रतीक्षेच्या वेळा वर्षानुवर्षं टिपून ठेवतात आणि त्या शाळांच्या सुट्ट्या, सणवार, हवामान यांच्याशी ताडून पाहतात. पाहुण्याच्या दृष्टीने हेच योग्य मोजमाप आहे. उद्यानात दहा हजार माणसं असोत की पाच हजार, आपल्याला भिडतो तो आपल्यापुढे उभा असलेला माणूस.

आपल्याकडच्या उद्यानांसाठी असा रोजचा आकडा नसला तरी गर्दीचा आराखडा बऱ्यापैकी उघडा आहे. इमॅजिका चालवणारी कंपनी २०१५ पासून शेअर बाजारात नोंदलेली आहे, त्यामुळे तिचे तिमाही निकाल कुणालाही पाहता येतात. त्यात एप्रिल ते जून हे तीन महिने सर्वांत भरभराटीचे आणि जुलै ते सप्टेंबर हे सर्वांत मंदीचे दिसतात. कारणं उघड आहेत. परीक्षा संपतात, उन्हाळ्याची सुट्टी लागते, उकाड्याने वॉटर पार्कची ओढ वाढते, आणि जूनच्या मध्याला शाळा उघडतात तोवर सह्याद्रीच्या पायथ्याला पाऊस धरलेला असतो. या मोठ्या लाटेवर लहान लाटा असतात त्या जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या. १५ ऑगस्ट २०२५ शुक्रवारी आला, २६ जानेवारी २०२६ सोमवारी; अशा तारखा कॅलेंडर छापलं जातं तेव्हाच कळलेल्या असतात. तिसरा पुरावा उद्यानं स्वतःच देतात, तो तिकिटाच्या दरातून. २०१६ मध्ये डिस्नेने अमेरिकेतली एका दिवसाची तिकिटं हंगामानुसार तीन दरांत विकायला सुरुवात केली. आपल्याकडेही शनिवार-रविवारचा आणि मधल्या वारांचा दर वेगळा ठेवणारी उद्यानं आहेत. ज्या तारखेचा दर चढा, त्या तारखेला उद्यानाच्याच हिशेबाने गर्दी जास्त. सवलतीच्या जाहिरातीही याच नजरेने वाचाव्यात: सवलत कुठल्या तारखांना लागू नाही ते बारीक अक्षरांत दिलेलं असतं, आणि ती यादी म्हणजे उद्यानाने फुकट दिलेला गर्दीचा अंदाजच असतो.

आता या अंदाजाचा उपयोग कसा करायचा ते रांगेच्या गणितावरून ठरतं. चाकणच्या कुठल्याही असेंब्ली लाइनवर काम केलेल्याला हे गणित नवं नाही. लाइनचा वेग सर्वांत संथ स्टेशन ठरवतं, आणि राइडवर ते स्टेशन म्हणजे माणसं उतरवून, नवी बसवून, सुरक्षेचे दांडे तपासून गाडी सोडण्याचा चौथरा. समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत २८ जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला ८४० माणसं गेली. तासाला ७०० लोक रांगेला येत असतील तर रांग जवळजवळ लागतच नाही. १,००० येऊ लागले तर दर तासाला १६० जण मागे साचतात. तीन तासांनी ४८० जण उभे असतात आणि शेवटच्याला साधारण ३४ मिनिटं लागतात. १,२०० येऊ लागले तर तीन तासांत १,०८० जण साचतात आणि प्रतीक्षा होते ७७ मिनिटं. म्हणजे १,००० वरून १,२०० वर जाताना माणसं पाचव्या हिश्शाने वाढली, पण प्रतीक्षा दुपटीहून जास्त झाली. उलट ७०० वरून ५०० वर आल्याने काहीच फरक पडला नाही, कारण रांग आधीच नव्हती. रांग क्षमतेच्या अलीकडे दिसत नाही आणि क्षमतेच्या पलीकडे झपाट्याने फुगते.

या आकड्यांतून या प्रकरणाचा मुख्य मुद्दा निघतो. वर्षातले सगळे दिवस गर्दीच्या क्रमाने लावले, तर तळाचे दिवस एकमेकांपासून फारसे वेगळे नसतात. अगदी रिकामा मंगळवार आणि बऱ्यापैकी रिकामा बुधवार यांत पाहुण्याला मिळणाऱ्या राइडच्या संख्येत नगण्य फरक पडतो. शिखरावरचे दिवस मात्र भयंकर वेगळे असतात. म्हणून ‘सर्वांत चांगला दिवस’ शोधण्यात रात्री घालवणं हे वायफळ काम आहे, तर सर्वांत वाईट दिवस खोडून टाकणं हे थोड्या श्रमात जवळजवळ सगळा फायदा पदरात टाकणारं काम. अंदाजाच्या अचूकतेचा प्रश्नही याने बराचसा सुटतो. नेमक्या कुठल्या बुधवारी रांग किती मिनिटांची असेल हे सांगायला सूक्ष्म माहिती लागते. मे महिन्यातला दुसरा रविवार किंवा प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेला शनिवार वाईट असेल हे सांगायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. ज्या अंदाजाची आपल्याला सर्वांत जास्त गरज आहे, तोच अंदाज सर्वांत सोपा आणि सर्वांत विश्वासार्ह आहे.

इथे या औद्योगिक पट्ट्याला एक आयती देणगी लाभली आहे. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीतल्या असंख्य लहान-मध्यम कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. सगळ्या राज्याच्या उद्योगांनी एकाच दिवशी यंत्रं बंद ठेवली तर त्या दिवशी वीज पडून राहते आणि उरलेले दिवस भार पेलत नाही. म्हणून भागाभागांना वेगवेगळे सुट्टीचे वार वाटून देण्याची पद्धत पडली आणि पुणे पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. विजेच्या मागणीचं शिखर छाटण्यासाठी जी युक्ती केली, तिने लाखो माणसांना गर्दीच्या शिखराबाहेरची सुट्टी दिली. ही सुट्टी कुरकुरीचाच विषय जास्त असते: लग्नं रविवारी, नातेवाईक रविवारी मोकळे, मुलांची शाळा गुरुवारी. पण खोपोलीच्या फाटकाशी तिचं मोल उलटं होतं. यावर एक शंका लगेच येते की, पट्ट्यातले सगळेच गुरुवारी मोकळे असतील तर गुरुवारच भरून जाईल. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांवर होती, तर मुंबई नागरी समूहाची १ कोटी ८० लाखांहून जास्त. खोपोली या दोहोंच्या मध्ये आहे. मुंबई-ठाणे आणि पुणे शहराचा रविवार, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांचा शनिवार-रविवार आणि मोठ्या वाहन कंपन्यांपैकी अनेकांचं स्वतःचं वेगळं वेळापत्रक पाहता गुरुवारची सुट्टी असलेला वर्ग एकूण पाहुण्यांत लहानच राहतो.

शाळेचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. जून ते एप्रिल गुरुवारी वडील मोकळे, मुलं वर्गात. शाळा बुडवणं किंवा रविवारी जाऊन कामाचा खाडा करणं, दोन्हीची किंमत आहे. उत्तर निघतं ते दोन कॅलेंडरं एकमेकांवर ठेवल्यावर. शाळा बंद आणि कारखानाही बंद असे गुरुवार वर्षात मोजकेच असतात: उन्हाळ्याच्या सुट्टीतले सहा-सात, दिवाळीच्या सुट्टीतले दोन-तीन, नाताळातला एखादा. उन्हाळ्याच्या सुट्टीतला गुरुवार हा जुलैतल्या गुरुवारइतका मोकळा नसतो, हेही मान्य करायला हवं. पण तुलना जुलैशी करून उपयोग नाही. या कुटुंबापुढचा खरा पर्याय मे महिन्यातला रविवार हा आहे, आणि त्याच्याशी तुलना केली की गुरुवार सरस ठरतो. अंदाज नेहमी आपल्याला शक्य असलेल्या तारखांपुरताच वाचावा. जगातला उत्तम दिवस कोणता हे कळून, त्या दिवशी रजा मिळणार नसेल, तर काय फायदा?

दुसरीकडे, ‘मधला वार म्हणजे मोकळा’ हा नियम डोळे झाकून लावला तर डिसेंबर-जानेवारीत फसगत होते. महाराष्ट्रातल्या शाळांच्या सहली याच दिवसांत निघतात आणि त्या मधल्या वारांना निघतात. पार्किंगमध्ये ओळीने एसटी आणि खासगी बस उभ्या असतात, टोप्या घातलेली मुलं गटागटाने फिरत असतात, आणि जिथे एकदम चाळीस मुलं रांगेत शिरतात तिथे रांगेचं गणित क्षणात बदलतं. कंपन्यांच्या कौटुंबिक सहलीही याच मोसमातल्या. त्यातल्या त्यात जमेची बाजू ही की, लांबून आलेल्या शाळांना अंधाराच्या आत परतायचं असतं, त्यामुळे चारनंतर चित्र पालटतं. याच सुमाराला मार्गशीर्षातले गुरुवार येतात. घरी महालक्ष्मीचं व्रत असेल तर बाईंचा उपवास आणि संध्याकाळची पूजा. कारखान्याच्या सुट्टीवर घरचं कॅलेंडर कुरघोडी करतं. अमेरिकेत तयार झालेलं कुठलंही गर्दीचं कोष्टक हे सांगणार नाही. तिसरी गोष्ट शिफ्टची. बुधवारी नाईट असलेल्याची सुट्टी गुरुवारी सकाळी सहा-सातला सुरू होते, आणि रात्रभर यंत्रावर उभं राहून लगेच गाडीचं स्टिअरिंग हाती घेऊन बोरघाट उतरणं हा जीवाशी खेळ आहे. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यातला गुरुवार निवडला तर बुधवारी दुपारीच मोकळीक मिळते आणि सकाळी लवकर निघता येतं.

लवकर निघण्याला इतकं महत्त्व का, हेही वरच्याच गणितात आहे. तासाला १,००० लोक येणाऱ्या दिवशी पहिल्या तासाच्या शेवटी फक्त १६० जण साचलेले असतात आणि प्रतीक्षा ११-१२ मिनिटांची असते. १,२०० लोकांच्या वाईट दिवशीही पहिल्या तासाच्या शेवटी ती २६ मिनिटांच्या आसपास असते. म्हणजे वाईट दिवसाचा पहिला तास हा बऱ्या दिवसाच्या तिसऱ्या तासापेक्षा सुसह्य. दिवस निवडणं ज्यांच्या हाती नाही, ज्यांना रविवारीच जावं लागणार आहे, त्यांच्यासाठी तासाचा अंदाज उरतोच. फाटक उघडण्याआधी दाराशी असावं, ‘नायट्रो’सारख्या ज्या राइडसाठी लोक लांबून येतात त्या पहिल्या तासात उरकाव्यात, आणि एका फेरीत खूप माणसं घेणारे बंदिस्त खेळ दुपारसाठी ठेवावेत. बहुतेकजण उलट करतात: आत शिरल्यावर जी पहिली राइड दिसेल तिच्या रांगेला लागतात.

रस्त्याबद्दलही पिंपरी-चिंचवडकरांनी मुंबईकरांचे अंदाज उसने घेऊ नयेत. द्रुतगती मार्गावरच्या कोंडीच्या बातम्या बहुतांश घाट चढणाऱ्या मार्गिकेच्या असतात: शनिवारी सकाळी मुंबईहून लोणावळ्याकडे आणि पुण्याकडे निघालेल्या गाड्यांची रांग. रविवारी संध्याकाळी तीच गर्दी उलट दिशेने उतरते. निगडीहून सकाळी खोपोलीला जाणारा आणि संध्याकाळी परतणारा माणूस दोन्ही वेळा या मुख्य लोंढ्याच्या विरुद्ध चाललेला असतो. ‘घाट जाम असेल’ या भीतीने त्याने सहल रद्द करण्याचं कारण नाही. त्याला त्रास होतो तो उद्यानाच्या आत, कारण तीच मुंबई तिथे आधी पोचलेली असते. चाकणच्या माणसाची अडचण तर घराजवळच आहे. तळेगाव-चाकण रस्त्यावर शिफ्ट सुटण्या-भरण्याच्या वेळी कंपन्यांच्या बस आणि कंटेनर यांत अडकलेला वेळ घाटातल्या वेळेपेक्षा जास्त भरू शकतो. गुरुवारी तो रस्ता किती मोकळा असतो ते त्या भागात राहणाऱ्यालाच ठाऊक, आणि त्याची ही माहिती कुठल्याही ॲपपेक्षा खरी.

गर्दीच्या अंदाजावरचा सर्वांत गंभीर आक्षेप तात्त्विक आहे. अंदाज सगळ्यांना कळला तर तो खोटा ठरतो: ‘मंगळवार मोकळा’ असं सगळ्यांनी वाचलं की मंगळवार भरतो. अर्थशास्त्रज्ञ ब्रायन आर्थर यांनी १९९४ मध्ये हा पेच मांडला, तो अमेरिकेतल्या सांता फे गावच्या ‘एल फरोल’ नावाच्या मद्यालयावरून. तिथे दर गुरुवारी रात्री आयरिश संगीत असे. आर्थर यांनी कल्पना केली ती अशी: गावात १०० जण आहेत, ६० पर्यंत लोक आले तर मजा, त्याहून जास्त आले तर घरी बसलेलं बरं, आणि प्रत्येकाने दुसऱ्यांशी न बोलता स्वतःच्या अंदाजाने ठरवायचं. सगळ्यांनी एकच अंदाज धरला तर तो हमखास चुकतो, कारण ‘गर्दी नसेल’ म्हणून सगळे येतात किंवा ‘गर्दी असेल’ म्हणून कुणीच येत नाही. पण आर्थर यांच्या संगणकीय प्रयोगात माणसांना वेगवेगळे ठोकताळे वापरू दिले, तेव्हा उपस्थिती खाली-वर होत होत सरासरी ६० च्याच आसपास राहिली. आक्षेप घेणारे या कथेचा पहिला अर्धा भाग सांगतात आणि दुसरा सोडून देतात.

त्यातही एल फरोलमध्ये आणि आपल्या प्रश्नात मोठा भेद आहे. तिथे सगळे सारखेच मोकळे होते. उद्यानाकडे येणारे लोक सारखे मोकळे नसतात. शाळा, नोकरी, रजा आणि लग्नसराई यांनी बांधलेल्या माणसाला मंगळवार मोकळा आहे हे कळूनही मंगळवारी जाता येत नाही. रविवारची गर्दी अज्ञानामुळे होत नाही, नाइलाजामुळे होते. म्हणून अंदाज कितीही जाहीर झाला तरी रविवार रिकामा आणि गुरुवार तुडुंब असं होत नाही. शिवाय अंदाज ‘वाईट दिवस टाळा’ एवढ्यापुरता वापरला, तर टाळणारे लोक एका तारखेवर कोसळत नाहीत. ज्याची जी सोय त्या तारखेला ते विखुरतात, शिखर थोडं खचतं, आणि क्षमतेच्या पलीकडे थोड्याशा घटीनेही प्रतीक्षा बरीच उतरत असल्याने रविवारीच यावं लागलेल्यांचाही फायदा होतो. एकाच ‘उत्तम’ तारखेमागे सगळे धावले तर मात्र आक्षेप खरा ठरेल. अंदाज वापरण्याची जी रीत आपल्या फायद्याची, तीच सगळ्यांच्या फायद्याची आहे.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? जास्त पैसे भरून एक्सप्रेस तिकीट घ्यावं. पण रांग टाळण्याची सोय विकत घेतल्याने गाडीतली आसनं वाढत नाहीत. २८ पैकी ८ आसनं एक्सप्रेसवाल्यांना दिली तर साध्या रांगेला २० उरतात, आणि तिची प्रतीक्षा तितक्या पटीत लांबते. मोकळ्या दिवशी हे तिकीट निरुपयोगी, आणि तुडुंब दिवशी पुष्कळांनी घेतलं की त्याचीही रांग लागते. मधल्या दिवसांत ते कामाला येतं, आणि तो दिवस मधला आहे की नाही हे ठरवायला पुन्हा अंदाजच लागतो.

अंदाजाच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. तो मागणीचा असतो, पुरवठ्याचा नसतो. मंदीच्या दिवसांत उद्यानं देखभालीसाठी एखादी राइड बंद ठेवतात किंवा कमी गाड्या चालवतात. वरच्या उदाहरणात गाडी दोनऐवजी तीन मिनिटांनी सुटू लागली तर तासाला ५६० च जण जातील, आणि ७०० लोकांच्या मोकळ्या दिवशीही रांग लागेल. जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, त्यामुळे जुलैतलं स्वस्त तिकीट रांग वाचवतं पण राइडही घालवू शकतं. निघण्याआधी कुठल्या राइड बंद आहेत एवढं विचारून घेणं हे गर्दीचा आकडा पाहण्याइतकंच महत्त्वाचं. गूगल मॅप्सवर दिसणारा गर्दीचा आलेख उपयोगी आहे, पण तो त्या जागेच्याच सर्वांत गजबजलेल्या वेळेशी तुलना करून काढलेला असतो, माणसांची संख्या सांगत नाही. आत गेल्यावर सगळ्यांत भरवशाचं साधन आपली नजर. पुढे एमआयटीत गेलेल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार रांगेतली माणसं म्हणजे माणसं पुढे सरकण्याचा वेग गुणिले प्रतीक्षा. दोन गाड्यांमधला वेळ घड्याळावर पाहावा, एका गाडीत किती बसतात ते मोजावं, पुढची डोकी अदमासे धरावीत. मिनिटाला १४ जण जात असतील आणि पुढे ४२० असतील तर अर्धा तास. पटत नसेल तर रांगेत शिरूच नये.

हे सगळं सुखवस्तूंचं खूळ आहे असं वाटत असेल, तर इंद्रायणीकाठची एक तारीख आठवावी. १५ जून २०२५, रविवार. पाऊस सुरू झालेला, शाळा उघडण्याच्या तोंडावरची शेवटची सुट्टी, आणि पिंपरी-चिंचवडपासून जवळ, मावळातल्या कुंडमळ्याला लोटलेले पर्यटक. नदीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. करमणूक उद्यानाला कुंपण असतं, तिकीट असतं, आत किती लोक घ्यायचे याला हद्द असते. तिथे चुकलेल्या अंदाजाची किंमत म्हणजे कंटाळा आणि वाया गेलेले पैसे. धबधबे, धरणं, जुने पूल यांना दार नसतं. पावसाळ्यातला रविवार कुंडमळा आणि भुशी धरणावर काय घेऊन येतो, हे कॅलेंडर आणि हवामान खात्याचा अंदाज यांवरून आदल्या गुरुवारीच सांगता येतं. म्हणून अंदाजाची खरी जबाबदारी पाहुण्यापेक्षा प्रशासनाची जास्त आहे, आणि तिथेही रीत तीच: वाईट दिवस आधी ओळखा आणि त्या दिवशी माणसं पोचण्याआधी बंदोबस्त पोचवा.

कुटुंबाने करायचं ते थोडक्यात असं. नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लागलं की त्यावर जोडसुट्ट्या, मे महिन्यातले शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळातले गर्दीचे दिवस लाल पेनने खोडून टाका. डिसेंबर-जानेवारीतल्या मधल्या वारांवर शाळांच्या सहलींसाठी प्रश्नचिन्ह टाका. उरलेल्या तारखांत मुलांची सुट्टी आणि फर्स्ट शिफ्ट जुळते तो गुरुवार घ्या, आणि तोही मिळाला नाही तर उरलेल्यांपैकी कुठलाही दिवस चालेल. त्यापलीकडे आणखी चांगली तारीख शोधत बसू नका. ती सापडली तरी एखाद-दुसऱ्या राइडपलीकडे काही देणार नाही. वाचलेला वेळ सकाळी लवकर उठण्यात घाला.